कार्डिफ, बसच्या वरच्या मजल्यावरून

मी त्याला पहिल्यांदा भेटले ती त्याच्या कानावर छत्री मारून.

मुद्दाम नाही मारली. २००६ सालच्या मे महिन्यातला शनिवार होता. कार्डिफच्या किल्ल्यासमोरून शहर दाखवणारी उघड्या छताची बस सुटत होती आणि वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची सीट मी पटकावली होती. बस वळली, वारा आला, माझी छत्री उलटी झाली आणि तिची एक काडी थेट माईक घेऊन उभ्या असलेल्या गाइडच्या कानाला लागली. लागलं त्याला आणि "आई गं" म्हणाले मी.

त्याने कान चोळत माईकवरून सगळ्यांना सांगितलं की, हा कार्डिफचा वारा, याचे वेगळे पैसे नाहीत. लोक हसले. मग माईक खाली करून त्याने मला हळूच विचारलं,

"तू मराठी आहे का?"

आता परदेशात अचानक मराठी ऐकू आलं की आपल्या लोकांचं जे होतं, तेच माझंही झालं. एरवी मी शेजारच्या सीटवरच्या माणसाला किती वाजले ते सांगताना दोनदा विचार करणारी मुलगी. पण "तू मराठी आहे का" कानावर पडलं आणि माझी जीभ सुटली. कुठला, आई कुठली, वडील कुठले, इथे कधीपासून — पाच मिनिटांत मी सगळं काढून घेतलं. नाव समर. जन्म इथलाच. वडील नागपूरचे, वेल्सच्या खाणींच्या खोऱ्यात डॉक्टर म्हणून आले आणि तिथलेच झाले. आई सोलापूरची. घरात मराठी बोलायचा नियम होता, तो समरने अर्धा पाळला होता. मराठीचं लिंग त्याच्या हाती कधी लागलं नाही. किल्ला त्याच्या तोंडी "ती" होती आणि बस "तो".

"माझा आई म्हणते, मी मराठी बोलतो तेव्हा तिला ताप येते," तो म्हणाला. हसला की त्याच्या उजव्या गालावर एक खळी पडायची आणि डावा गाल तसाच राहायचा. मला ते उगीचच फार आवडलं.

शनिवारी तो हौसेने गाइड व्हायचा. आठवडाभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर, म्हणे, फार बोरिंग काम. कुठलं ऑफिस, एवढं मी विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण विचारणार कधी? मी बोलत होते ना.

मी त्याला माझं सगळं सांगितलं. मी अक्षया, पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये. ऑनसाइटसाठी, म्हणजे परदेशातल्या कामासाठी, तीन वर्षं थांबले होते. जायचं पक्कं झालं तेव्हा आईने सोसायटीत घरोघरी पेढे वाटले होते. चार महिने लंडनजवळच्या स्लाऊच्या ऑफिसात काढले आणि आता सोमवारपासून इथल्या एका विमा कंपनीत काम. काम काय? तर तिथल्या एका टीमचं काम शिकून घ्यायचं, कागदावर उतरवायचं आणि पुण्याला न्यायचं. मग ती टीम बंद.

"त्यांना माहीत आहे?" त्याने विचारलं.

"छे, जूनच्या शेवटी सांगणार आहेत. तोवर मी फक्त डॉक्युमेंटेशनला आलेय असं सांगायचं. चौदा लोक आहेत रे... वाईट वाटतं. तू कुणाला सांगू नकोस हं."

कोणती कंपनी, असं त्याने विचारलं. मी नाव सांगितलं.

बस तेव्हा बंदराकडे वळत होती. लाल विटांची पिअरहेडची इमारत आली आणि गेली, माईक गप्प. समोर मिलेनियम सेंटरचा तांबूस घुमट आला, त्यावर पुरुषभर उंचीची अक्षरं कोरलेली होती. तोही गेला. पाण्याकाठचं नॉर्वेच्या खलाशांचं पांढरं लाकडी चर्च आलं, लोक माना वळवून एकमेकांनाच विचारू लागले की हे काय असावं. समर कठड्याला धरून पाण्याकडे बघत होता. आणि मला वाटलं... आता सांगायलाही लाज वाटते... मला वाटलं, माझ्यामुळे त्याला शब्द सुचत नाहीयेत. मी केस नीट केले आणि बस सोडताना मुद्दाम वळून हसले. तो हसला नाही.

सोमवारी सकाळी विमा कंपनीच्या चौथ्या मजल्यावर ग्लेनिस नावाच्या एका गोलमटोल बाईंनी माझं स्वागत केलं. बावीस वर्षं त्या याच टीममध्ये होत्या. त्यांनी मला चहा दिला, घरी केलेले मनुक्यांचे वेल्श केक दिले आणि खुर्ची खिडकीपाशी ओढून दिली. "आणि हा आमचा सॅम," त्या म्हणाल्या, "याच्या शेजारी बस. सिस्टिममधलं सगळं याला पाठ आहे."

सॅमने खुर्ची वळवली. कानावर अजून एक बारीक लाल रेघ होती.

मी वही उघडायच्या निमित्ताने मान खाली घातली. समर मात्र काहीच न घडल्यासारखा मला स्क्रीन दाखवत होता, क्लेम कसा उघडायचा, कसा बंद करायचा. आवाज सभ्य. मराठी एक शब्द नाही. मी वहीत लिहीत होते आणि मला माझंच अक्षर लागत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला, चल, तुला काहीतरी दाखवतो. मला वाटलं, आता बाहेर नेऊन खरडपट्टी काढणार. त्याने मला किल्ल्याच्या कडेने चालवत प्राण्यांच्या भिंतीपाशी नेलं. खरीच प्राण्यांची भिंत. दगडाचे सिंह, लांडगा, अस्वल, माकडं, सगळे भिंतीवरून असे वाकलेले की आत्ता फुटपाथवर उडी मारतील. काहींना काचेचे डोळे आहेत. एका मुंगीखाऊचं नाक कधीतरी तुटून पडलं होतं. आम्ही त्या बिननाकाच्या मुंगीखाऊखाली उभे राहून सँडविच काढली आणि कुणीच खाल्ली नाहीत.

"तू कुणाला सांगितलंस?" शेवटी मीच विचारलं.

"नाही."

"सांगणार आहेस?"

त्याने सँडविच पुन्हा कागदात गुंडाळलं. मग त्याने जे सांगितलं ते थोडं मराठी, थोडं इंग्लिश असं होतं, पण मला एकेक शब्द कळला. स्वतःची त्याला फारशी काळजी नव्हती, तो एकटा होता, कुठेही काम मिळवेल. प्रश्न ग्लेनिसचा होता. तिला कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोकरी देऊ केली होती, घराजवळ, चांगली. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यायचं होतं, आणि ती नाही म्हणणार होती. या टीमला सोडून कुठे जाऊ, असं म्हणत होती. छप्पन्न वर्षांची बाई. जूनच्या शेवटी तिला कळलं असतं तेव्हा कौन्सिलची जागा भरून गेली असती.

"मग तिला एकटीला सांग," मी म्हणाले.

"ग्लेनिसला सांगितलं की फोर्थ फ्लोअरला सांगितलं. ती मनात काही ठेवू शकत नाही. आणि मग सगळे विचारणार, कुठून आली ही बातमी? नवीन माणूस एकच आहे, अक्षया. तुझा जॉब जाईल."

मी मुंगीखाऊकडे बघत राहिले.

"थर्सडेपर्यंत मी थांबतो," तो म्हणाला. "मग मला सांगावं लागेल. तुझं नाव मी घेणार नाही. पण गप्प पण नाही बसू शकत. तुला माहीत असावं म्हणून आधी सांगितलं."

रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी भांडले असते, रडले असते, जयंत सरांना फोन करून सांगितलं असतं की एक माणूस त्रास देतोय. जयंत सर म्हणजे आमचे स्लाऊचे मॅनेजर, त्यांनी मला निघताना तीनदा बजावलं होतं की ही बातमी फुटता कामा नये. पण समर रागावला नव्हता. त्याने सँडविचचा कागद उलगडला, अर्धं मला दिलं आणि म्हणाला, "खा. आज एक ते पाच मला तुला रिन्युअल शिकवायचंय, ते रिकाम्या पोटी समजत नाही."

त्यानंतरचे दोन दिवस मी कशी वागले ते मलाच कळत नव्हतं. सकाळी मी त्याच्याकडून त्याचंच काम हिरावून घ्यायला शिकत होते आणि दुपारी त्याच्याबरोबर शहर बघत होते. मंगळवारी त्याने मला जुन्या आर्केड दाखवल्या. रस्त्यावरून नुसतं दार दिसतं, आत गेलं की काचेच्या छताखाली लांबच लांब गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, वर लाकडी सज्जे. एका दुकानात फक्त व्हायोलिनं, दुसऱ्यात फक्त टोप्या. त्याने मला एक जांभळी टोपी घालायला लावली आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं की मी आता एखाद्या लॉर्डची विधवा आत्या दिसते. मी हसले आणि मग लगेच आठवलं, गुरुवार. हसू अर्ध्यावरच राहिलं. त्याने ते पाहिलं. टोपी काढून जागेवर ठेवताना त्याची बोटं क्षणभर माझ्या केसांवर थांबली... मग काहीच नाही.

पन्नासएक वर्षांपूर्वीपर्यंत कार्डिफ वेल्सची राजधानीच नव्हतं, तो सांगत होता. कोळशाचं बंदर होतं. मग कोळसा संपला, बंदर ओस पडलं, खाणी बंद पडल्या. त्याच्या वडिलांच्या दवाखान्यात त्या दिवसांत लोक यायचे ते दुखतंय म्हणून नाही, नुसतं बसायला.

"माणसाला वाईट बातमीने तेवढं लागत नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना माहीत होतं आणि आपल्यालाच नव्हतं, यानं लागतं. डॅड असं म्हणतात."

हे त्याने मला ऐकवायला म्हटलं नव्हतं. मला ते कळत होतं, म्हणूनच जास्त लागलं. त्या दोन दिवसांत त्याने गुरुवारचा विषय एकदाही काढला नाही. एकदाही "मग काय ठरवलंस" विचारलं नाही. मला कुणी इतकं मोकळं सोडलं की मी घाबरते.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही लँडॅफच्या कॅथेड्रलला गेलो. रिमझिम सुरू होती. माझी छत्री त्याने तारेने दुरुस्त करून आणली होती आणि आता तो कानाची काळजी घेत माझ्यापासून वीतभर लांब चालत होता.

"भिजशील," मी म्हणाले.

"छत्री डेंजरस आहे."

"छत्री की मी?"

"दोघं," तो म्हणाला आणि छत्रीखाली आला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि आम्ही दोघंही समोर बघत चालत होतो, परीक्षेला निघाल्यासारखे.

कॅथेड्रलमध्ये आत मधोमध एक मोठी काँक्रीटची कमान आहे आणि तिच्यावर ॲल्युमिनियमची येशूची भली मोठी मूर्ती. युद्धात इथे बॉम्ब पडला होता, छत गेलं होतं, हे सगळं नंतर उभं केलं, असं समर सांगत होता. मी ऐकत नव्हते. मी त्याच्याकडे बघत होते. उद्या हा माणूस माझं नाव न घेता सगळ्यांना सांगेल. लोक याला विचारतील, तुला कुठून कळलं? हा सांगणार नाही. मग याच्यावरच ठपका येईल आणि कंपनी याला साधं शिफारसपत्रसुद्धा देणार नाही. आणि मी खिडकीपाशी बसून वहीत लिहीत राहीन... सहा आठवडे, मग स्लाऊ, मग कदाचित अजून दोन वर्षं ऑनसाइट. आई खूश. सोसायटी खूश.

मला नको होतं ते. इतकं साधं होतं. मला तो हवा होता आणि त्याच्यासमोर मान वर करून उभं राहता यायला हवं होतं.

"मी जरा फोन करून येते," मी म्हणाले.

बाहेर ओल्या गवतावर उभी राहून मी जयंत सरांना फोन लावला. म्हटलं, सर, बातमी फुटली आहे आणि ती माझ्या तोंडून फुटली आहे. कुणाला सांगितलं ते मी सांगणार नाही, त्या माणसाची काही चूक नाही. पण तुम्ही क्लायंटशी बोला आणि लोकांना उद्याच सांगा. शुक्रवारच्या आत. एका बाईची दुसरी नोकरी त्यावर अवलंबून आहे.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"अक्षया, तुला कळतंय ना, मी तुला वाचवू शकणार नाही?"

"हो सर."

"असं कसं सांगून बसलीस?"

"मराठीत विचारलं त्याने," मी म्हणाले. याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जयंत सर मूळचे साताऱ्याचे, पंधरा वर्षं इथे. त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला आणि विचारलं की मी काही खाल्लंय का. तेव्हा मात्र मला रडू आलं.

आत आले तर समर शेवटच्या बाकावर बसला होता. मी त्याला सांगितलं. त्याने खांदे उडवले नाहीत, शाबासकी दिली नाही. नुसता माझा गार हात दोन्ही हातांत घेतला आणि आम्ही तसेच बसलो, राखणदाराने दार लावायची वेळ झाली असं सांगेपर्यंत.

गुरुवारी दुपारी दोन वाजता सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. मी बाहेर खिडकीपाशी बसून होते. अर्ध्या तासाने दार उघडलं. एक माणूस कोट घेऊन सरळ लिफ्टकडे गेला. ग्लेनिस माझ्यापाशी येऊन थांबल्या. मी उभी राहिले. त्यांना कुणी काय सांगितलं होतं मला माहीत नाही, पण माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार.

"सोमवारीच सांगायचंस की, लव्ह," त्या म्हणाल्या. "मी केक केले होते तुझ्यासाठी."

एवढंच. त्यांनी माझा खांदा दाबला, पण डोळे वळवले. पुढे सव्वाचारला त्यांनी कौन्सिलला फोन करून होकार दिला, मला तो ऐकू आला. बाकीच्या बाराजणांसाठी कुठलीच कौन्सिल नव्हती, आणि मला तेव्हापासून हे माहीत आहे की मी फार काही वाचवलं नाही. एका बाईपुरतं वेळेवर बोलले.

शुक्रवारी माझं पत्र आलं. कार्डिफचं काम दुसऱ्या कुणाला, मी पुढच्या शनिवारच्या विमानाने पुण्याला परत. आईला फोन केला. ती म्हणाली, बरं झालं, तब्येत तरी सुधारेल. सोसायटीत काय सांगायचं ते तिचं ती बघणार होती.

शनिवारी सकाळी समर मला कोच स्टेशनवर, लांब पल्ल्याच्या बस सुटतात तिथे, सोडायला आला. गाइडचं काम त्याने दुसऱ्याला दिलं होतं. स्टेशनावर कबुतरं होती, वडे तळल्यासारखा चिप्सचा वास होता आणि स्लाऊकडे जायची माझी कोच दहा मिनिटांत सुटणार होती. कार्डिफमधलं बघण्यासारखं एकही ठिकाण तिथून दिसत नव्हतं.

"मला तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "बसवर तू सांगितलं तेव्हा मला राग आली. सोमवारी तू ऑफिसात आली, तेव्हा अजून जास्त. मंगळवारी मी तो राग शोधली... आणि सापडली नाही. सगळीकडे बघितलं."

"टोपीच्या दुकानात पण?"

"तिथे तर नव्हतीच."

मी हसत होते आणि डोळ्यांना कोचचा नंबर दिसेनासा झाला होता. ड्रायव्हरने माझी बॅग घेऊन खालच्या कप्प्यात ठेवली. समर भराभर बोलू लागला. त्याला सप्टेंबरपासून सेंट फॅगन्सच्या म्युझियममध्ये काम मिळणार होतं, लोकांना जुनी घरं दाखवायचं, पगार कमी, पण दिवसभर माणसांसमोर. जूनअखेर इथलं संपणार. मधले दोन महिने तो मोकळा होता.

"मी पुण्याला येऊ?"

"ये की. पण दाखवायला माझ्याकडे काही नाही हं," मी म्हणाले. "मी शनिवारवाड्यात सुद्धा शाळेच्या सहलीला एकदाच गेलेय."

"मला जागा नाही बघायच्या," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, दोन्ही. "मला तुझ्या आईला भेटायचंय. माझा आई म्हणाली, असं विचारायला जायचं तर आधी घरी जायचं. सप्टेंबरमध्ये मला इथे परत यायला लागेल. तू पण यावं... असं मला वाटतं. पण ते तू ठरव. आईला पटवायला किती वेळ लागेल?"

"दोन महिने पुरे होतील. नोकरी घालवून आलेली मुलगी, त्यात म्युझियमवाला जावई... रोज थोडं थोडं सांगावं लागेल."

"आणि तुला?"

 आठवडाभर या माणसाने मला काहीच विचारलं नव्हतं, सगळं माझ्यावर सोडलं होतं. हे एवढं मात्र विचारलं.

"मला एक आठवडा लागला," मी म्हणाले. "तो आत्ताच संपला."

ड्रायव्हर इंजिन सुरू करून दारात उभा होता. समरने त्याला सॉरी म्हटलं, वाकून कप्प्यातून माझी बॅग बाहेर काढली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली. पुढची कोच दोन तासांनी होती.